दोन जीव, चार हात

जिला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नाही, त्या बाईने तान्ह्या बाळाचे मिनिटाला साठ श्वास कसे मोजायचे?

१९८८ च्या सुमारास गडचिरोलीत हा प्रश्न अगदी रोखठोक समोर आला. लहान मुलं न्यूमोनियाने जात होती. न्यूमोनिया ओळखायला दर वेळी छातीचा फोटो लागतोच असं नाही. मूल भराभर श्वास घेतं, त्यावरून तो बऱ्यापैकी कळतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, त्याहून मोठं मूल पन्नास किंवा जास्त, तर औषध सुरू करायचं. औषधही तोंडाने द्यायचं, साधं. पण द्यायला गावात होतं कोण? डॉक्टर नाही. नर्सबाईची फेरी झाली तर झाली. कायम गावातच राहणारी, रात्री-अपरात्री हाकेला ओ देणारी आणि बाळंतिणीच्या खोलीत हक्काने शिरणारी एकच बाई होती, ती म्हणजे दाई. आणि पन्नास म्हणजे नेमके किती, हे तिला ठाऊक नव्हतं.

डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एक छोटी चौकट बनवली. तिच्यात मण्यांच्या दोन ओळी, बाजूला एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. वरची ओळ तान्ह्यांसाठी, पाच हिरवे मणी आणि एक लाल. खालची थोड्या मोठ्या मुलांसाठी, चार हिरवे आणि एक लाल. घड्याळ उलटं करायचं, बाळाच्या पोटावर नजर लावायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. परत एकपासून दहा, परत एक मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर न्यूमोनिया. बस्स.

दाईला पन्नासपर्यंत मोजायला शिकवण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. तिला जेवढं येत होतं त्यावर यंत्र बेतलं. ५८ गावांत निमवैद्यकीय कार्यकर्ते, गावातले आरोग्यसेवक आणि या दाया यांनी मिळून न्यूमोनियाच्या ६१२ आजारपणांवर उपचार केले. त्यांत दगावण्याचं प्रमाण शंभरात एकाहूनही कमी, ०.८ टक्के होतं. ज्या गावांत ही सोय नव्हती तिथे ते १३.५ टक्के होतं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने हे आकडे छापले. शिकलेल्या जगाने ज्यांना अडाणी ठरवलं होतं, त्या बायांचंही काम या आकड्यांत होतं.

गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी हे सगळं चांदा, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातच मोडायचं. नकाशा काढून पाहा: खाली सिरोंचा, जिथे प्राणहितेच्या पलीकडे तेलंगणा लागतो, पूर्वेला भामरागड, जिथून छत्तीसगडचं अबूझमाड हाकेच्या अंतरावर, आणि वर वैनगंगेच्या काठाने वडसा, आरमोरी हा धानाचा पट्टा. मधे सगळं जंगल. सिरोंच्याच्या अडलेल्या बाईला चांद्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे काय, हे तेव्हाच्या रस्त्यांची आठवण असणाऱ्यांना विचारावं. कुणी नेतही नसे. बाळंतपण घरीच व्हायचं आणि ते दाईच करायची.

दाई व्हायला कुठे नाव घालावं लागत नाही. आईबरोबर, सासूबरोबर जाऊन जाऊन हात बसतो. पोटावरून तळवा फिरवून डोकं वर की खाली ते सांगायचं, कळा खऱ्या की खोट्या ते ओळखायचं, बाईला उकिडवं बसवून पाठीमागून धरायचं, वार पडेपर्यंत धीर धरायचा. मोबदला म्हणून धान, लुगडं, कुठे कोंबडी. सोयराच्या दिवसांत ज्या खोलीकडे घरची माणसंही फिरकत नाहीत तिथे ती बसते, रक्ताचे कपडे धुते आणि म्हणूनच गावात तिचा मान थोडा, काम मोठं. माडिया-गोंडांच्या काही गावांत पाळीच्या दिवसांसाठी घराबाहेर ‘कुर्मा’ची वेगळी झोपडी असते, काही ठिकाणी बाळंतपणही तसंच घराबाहेर आडोशाला होतं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त माणसं हाताशी हवीत, तिथे सगळ्यात कमी असतात.

या बायांना शिकवण्याची हौस सरकारला फार जुनी. १८८५ चा लेडी डफरिन फंड, मग १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी खास दायांच्या प्रशिक्षणासाठी उभारलेला व्हिक्टोरिया स्मारक निधी. नागपुरात १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट यांनी मातृसेवा संघ काढला, तो मात्र वेगळ्या वाटेने गेला. त्यांनी शिकलेल्या परिचारिका तयार केल्या आणि बाळंतपणाला घराबाहेर एक प्रतिष्ठेची जागा दिली. स्वातंत्र्यानंतर दाई-प्रशिक्षण पुन्हा पंचवार्षिक योजनांतून आलं. १९७७ नंतरच्या ग्रामीण आरोग्य योजनेत दर गावाला एक प्रशिक्षित दाई असं ठरलं. तीस दिवसांचा वर्ग, तीनशे रुपये विद्यावेतन, शेवटी एक पेटी आणि प्रमाणपत्र.

वर्गात काय शिकवायचे? मुख्यतः पाच स्वच्छता: हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड नवं, नाळ बांधायचा दोरा स्वच्छ आणि कापलेल्या नाळेवर काही लावायचं नाही. हे थोडंथोडकं नव्हतं. विळ्याने किंवा हाताला येईल त्या पात्याने नाळ कापली की धनुर्वात व्हायचा. जन्मलं तेव्हा धडधाकट असलेलं बाळ आठवड्याभरात दूध ओढेनासं व्हायचं, जबडा आवळायचा, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. गर्भवतीला धनुर्वाताची लस आणि दाईच्या हातात नवं ब्लेड या दोन गोष्टींनी तो जवळजवळ हद्दपार केला. २०१५ मध्ये भारत माता आणि नवजातांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. त्या यशात नर्सबाईंच्या सुईइतकाच दायांच्या ब्लेडचाही हात आहे, पण त्याचा सत्कार कुठे झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

घाणेरडे हात फक्त अडाण्यांचेच असतात, असा एक समज या सगळ्या प्रशिक्षणाच्या तळाशी होता. तो मोडण्यासाठी व्हिएन्नाची गोष्ट पुरेशी आहे. १८४० च्या दशकात तिथल्या मोठ्या रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एक डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचा, दुसरा सुइणींचा. १८४६ मध्ये डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकरा बायका सूतिकाज्वराने गेल्या, सुइणींच्या विभागात तीनच्या आत. बायका हातापाया पडायच्या, आम्हाला सुइणींकडे टाका म्हणायच्या. कारण पुढच्या वर्षी तिथल्याच सेमेलवाइस या डॉक्टरला उमगलं: विद्यार्थी शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणीकडे यायचे. त्याने हात क्लोरीनच्या पाण्याने धुवायला लावले आणि मरणं उतरली. तेव्हा प्रश्न हातांचा होता. शिक्षणाचा नव्हता.

*

अभय बंग यांच्या पत्नी डॉ. राणी बंग मूळच्या चंद्रपूरच्या. नागपूरला स्त्रीरोगशास्त्रात एम.डी., मग नवरा-बायको दोघं अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परतून १९८६ मध्ये थेट गडचिरोलीत आले. त्यांच्या संस्थेचं नाव ‘सर्च’. पुढे धानोरा रस्त्यावर शोधग्राम वसलं. तिथला दवाखानाही आदिवासींनी सुचवला तसा, झोपड्यांच्या पाड्यासारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. गोंडांची देवी जिथे आहे तिथे यायला त्यांना भीती वाटत नाही.

राणीताईंनी आधी जे केलं त्याला प्रशिक्षण म्हणावं की शिकवणी, असा प्रश्न पडतो, कारण शिकत होत्या त्या स्वतः. दायांना बोलावून घ्यायच्या आणि विचारायच्या. गर्भपिशवी कशी असते, पांढरं का जातं, बाई अडते तेव्हा तुम्ही काय करता, कोणत्या झाडाची साल कशाला देता. या भागातली बोली झाडी, तिच्यात ‘ण’ आणि ‘ळ’ नाहीत, डोळ्याचा ‘डोरा’ होतो; आत जंगलात गेलं की गोंडी आणि माडिया. रुग्णालयातल्या मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इथे उत्तर मिळतं ते फक्त मान डोलावण्याचं. दायांकडे मात्र शरीराच्या आतल्या-बाहेरच्या सगळ्याला शब्द होते, आणि ते उच्चारताना त्यांना लाज वाटत नव्हती. गावातल्या बायांनी झाडांविषयी जे सांगितलं त्यातून राणीताईंचं ‘गोईण’ हे पुस्तक झालं. गोईण म्हणजे तिकडे जिवाभावाची मैत्रीण. बायांनी ज्याविषयी बोलायचं टाळलं तेही पुढे आलं: दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, तर ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. १९८९ मध्ये यावर लेख छापून आला, तो वाचून तेव्हा जगभरच्या आरोग्यखात्यांना जाग आली.

आता दाईच्या ज्ञानाची एक गोष्ट जवळून पाहू, कारण तिच्यात चूक आणि बरोबर एकमेकांत गुंतलेलं आहे. मध्य भारतात ठिकठिकाणी दाया वार पडेपर्यंत नाळ कापत नाहीत. बाळ रडलं नाही, निळं पडलं, तर वार निखाऱ्यांजवळ धरतात किंवा तिच्यावर गरम पाणी ओततात. त्यांच्या लेखी जीव अजून वारेत आहे, तो उबेने नाळेतून बाळात परततो. शिकलेला माणूस हे ऐकून हसतो. पण मिनिटा-दोन मिनिटांनी नाळ कापावी, तेवढ्यात वारेतलं बरंचसं रक्त बाळात जातं, पुढे त्याला रक्ताची कमतरता कमी भासते, असं आज जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. तेव्हा थांबणं बरोबर. चूक फक्त त्या एका बाळापुरती, जे श्वास घेत नाहीये. त्याला ऊब पुरत नाही, त्याला हवा लागते, आणि वार शेकण्यात जातो तो वेळ त्याच्याकडे नसतो. ‘वार शेकू नका, अंधश्रद्धा आहे’ असं सांगणारा प्रशिक्षक दाईने मनातल्या मनात मोडीत काढलेला असतो. ‘नाळ लगेच कापू नका हे तुमचं बरोबर, पण बाळ रडलं नाही तर त्याच्या फुप्फुसात आधी हवा जाऊ द्या’ असं सांगणाऱ्याचं ती ऐकते.

*

१९९५-९६ या एका वर्षी ‘सर्च’ने ३९ गावांत जन्मणाऱ्या बाळांकडे नुसतं नीट पाहिलं. जन्माच्या वेळी आणि नंतर महिनाभर, घरी जाऊन. ७६३ बाळं. त्यांतली ९५ टक्के घरी जन्मली. ४२ टक्के अडीच किलोच्या आतली. निम्म्याहून जास्त बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडली, आणि ती मिळाली कुणाला? शंभरात तिघांनाही नाही. चाळीस बाळं महिन्याच्या आत गेली.

ही चाळीस कशाने गेली, हे पाहिल्यावर दाई-प्रशिक्षणाचा जुना हिशेब कोलमडतो. २१ बाळं, म्हणजे अर्ध्याहून जास्त, रक्तातल्या किंवा फुप्फुसातल्या जंतुसंसर्गाने. आठ जन्मताना गुदमरून. सहा फार आधी जन्मली म्हणून. दाईला तीस दिवस शिकवलं जात होतं ते बाळंतपणाच्या त्या काही तासांविषयी. बाळं मात्र मुख्यतः पुढच्या दिवसांत मरत होती, दाईला लुगड्याचा मान देऊन निरोप दिल्यानंतर. पाचवी पुजून झालेली असते, बाळ अंगावर पीत असतं, आणि मग एखाद्या दिवशी रडणं बारीक होतं, हातपाय लुळे पडतात, दूध ओढत नाही, अंग गार लागतं. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. ‘बाहेरचं’ हे निदान तसं खोटं नाही म्हणा, जंतू बाहेरूनच आलेले असतात.

आणि त्या पहिल्या काही तासांतही एक पेच होता, तो मला या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात साधा आणि सगळ्यात उशिरा दिसलेला वाटतो. बाळ बाहेर आलं की खोलीत दोन जीव होतात. दाईला हात दोनच. वार अजून आत आहे, रक्त जातंय, बाई थरथरतेय. दाई आईकडे पाहते, पाहायलाच हवं. बाळ तोवर खाली जमिनीवर, उघडं, ओलं. ते रडलं तर ठीक. नाही रडलं तर वार पडेपर्यंत कुणाचं लक्ष नाही. पाच स्वच्छता पाठ असलेल्या दाईचे हात कितीही स्वच्छ असले तरी चार होत नाहीत.

म्हणून गडचिरोलीत दाईच्या जागी दुसरी कुणी आणली नाही, तिच्या शेजारी आणली. गावातलीच, पाचवी ते दहावी शिकलेली, लग्न होऊन तिथेच नांदणारी बाई. तिचं नाव आरोग्यदूत. वाटणी स्पष्ट: आई दाईकडे, बाळ आरोग्यदूताकडे. दाईचा मान तसाच, उलट बाळंतपणाची वर्दी आरोग्यदूताला आधी तिनेच द्यायची.

कळा सुरू झाल्या की आरोग्यदूत पिशवी घेऊन निघते. पिशवीत झोळीचा वजनकाटा, त्यावर आकड्यांबरोबर लाल-पिवळा-हिरवा पट्टा. थर्मामीटर, घड्याळ, कोरडे धुतलेले कापड, घशातला चिकटा ओढायची नळी, बाळाला गुंडाळायची गुबगुबीत पिशवी आणि श्वास द्यायची अंबू बॅग. बाळ बाहेर पडलं की ती ते कोरडं करते, पाठ चोळते. पुसण्यानेच बरीच बाळं रडतात. नाही रडलं तर मान किंचित मागे, तोंड-नाक झाकेल असा मास्क घट्ट, आणि रबरी फुगा दाबायचा, सोडायचा. मिनिटाला चाळीस ते साठ वेळा. छाती उचलली जाते का पाहायचं. उचलत नसेल तर मास्क सुटलाय, नाहीतर मान चुकली आहे. बाहुलीवर हे शेकडो वेळा केल्याशिवाय हाताला येत नाही. पहिल्यांदा दाबणारी प्रत्येक जण फुगा पिळून काढते, जणू लिंबू आहे. बाळाच्या फुप्फुसात मावणारी हवा एका मोठ्या घोटाएवढीच असते हे बोटांना समजायला वेळ लागतो.

तिथपर्यंत यायला त्यांना तीन टप्पे लागले. आधी दायांना तोंडाने श्वास द्यायला शिकवलं. रक्ता-पाण्याने माखलेल्या बाळाच्या तोंडाला तोंड लावणं कुणालाही सोपं नाही, फरक थोडाच पडला: गुदमरून होणारी मरणं १२ टक्क्यांनी घटली. मग मास्कला नळी जोडून फुंकायचं. ते पुष्कळ बरं निघालं. १९९९ पासून अंबू बॅग. मास्क-नळीच्या तुलनेत तिने आणखी जीव वाचवलेसे दिसले, शिवाय एक वेगळी गोष्ट घडली: ‘मेलेलंच जन्मलं’ अशी नोंद होणारी ताजी बाळं ३३ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे त्यांतली काही बहुधा मेलेली नव्हतीच. कुणी श्वास दिला नव्हता, एवढंच.

मग उरले २८ दिवस. आरोग्यदूत घरी जाऊन जाऊन बाळ पाहते. दूध ओढणं कमी झालंय? रडणं बदललंय? अंग लुळं? गार? पोट फुगलंय, उलट्या? बेंबीत पू? छाती आत ओढली जातेय? खुणांच्या यादीतल्या कोणत्याही दोन एकदम दिसल्या तर जंतुसंसर्ग समजायचा, आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसतील तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन, बरोबर तोंडाने कोट्रायमोक्झॅझोल. आठवी शिकलेली बाई दीड किलोच्या बाळाच्या मांडीत सुई टोचते, ही कल्पनाच अनेक डॉक्टरांना मानवली नाही. ते स्वाभाविक आहे. मलाही पहिल्यांदा वाचताना पोटात गोळा आला होता. पण दुसरा पर्याय चांगल्या डॉक्टरने दिलेलं इंजेक्शन हा नव्हता. दुसरा पर्याय काहीच न देणं हा होता. आणि काहीच न देता संसर्ग झालेल्या शंभरातली सोळा-सतरा बाळं जात होती. आरोग्यदूतांच्या हातून उपचार सुरू झाल्यावर तीनच्या आत.

१९९३ ते ९५ या काळात या ३९ गावांत जन्मलेल्या हजार बाळांतली ६२ महिन्याच्या आत जात. १९९७-९८ मध्ये सुमारे २५. त्याच काळात शेजारच्या ४७ गावांत, जिथे नेहमीची सरकारी सेवाच होती, हा आकडा ५८ वरून ६० वर गेला. दर अठरा बाळांची काळजी घेतली की एक मरण टळत होतं. खर्च एका बाळामागे पाच डॉलरच्या थोडा वर. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा लेख आला आणि गडचिरोलीच्या जंगलातल्या पाचवी-दहावी शिकलेल्या बायांची कामगिरी जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत वाचली जाऊ लागली.

*

आतापर्यंत सगळं बाळाविषयी झालं, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. आईचं काय?

इथे मात्र उत्साह आवरावा लागतो. त्याच गावांतल्या ७७२ बाळंतपणांची नोंद ‘सर्च’ने ठेवली. निम्म्याहून अधिक बायांना बाळंतपणात किंवा नंतर काही ना काही त्रास झाला. दहा टक्क्यांना कळा फार लांबल्या, तीन टक्क्यांना बाळंतपणानंतर लगेच जास्त रक्तस्राव झाला. १५.३ टक्क्यांना, म्हणजे दर सहा-सातांत एकीला, तातडीच्या दवाखान्यातल्या मदतीची गरज होती. बाळाला लागते हवा, ऊब, दूध आणि वेळेवर प्रतिजैविक. हे सगळं एका पिशवीत मावतं. अडलेल्या बाईला लागतं ऑपरेशन टेबल, भूल देणारा डॉक्टर, रक्ताची बाटली. हे पिशवीत मावत नाही. रक्तस्राव सुरू झालेल्या बाईच्या हातात दोन तास असतात, फार तर. दाई ते ओळखू शकते, पोट चोळू शकते, बाळ छातीला लावू शकते, निरोप धाडू शकते. पुढचं तिच्या शिकण्या-न शिकण्यावर नाही, रस्त्यावर आहे.

सिंधमध्येही हेच दिसलं. लारकाना जिल्ह्यात दायांना शिकवून, स्वच्छ साहित्य देऊन, सरकारी आरोग्यसेविकांशी जोडून दिलं. २००५ मध्ये निष्कर्ष आले. जन्माच्या आगेमागे होणारी बाळांची मरणं तीस टक्क्यांनी घटली. आयांची मरणंही कमी झाल्यासारखी दिसली, पण ती योगायोगाने नाही असं खात्रीने म्हणता येईल इतकी नव्हे. अशाच अनुभवांनी नव्वदीच्या अखेरीपासून जगाचं मत फिरत गेलं: दायांना शिकवण्यापेक्षा दर बाळंतपणाला शिकलेली परिचारिका आणि जवळ शस्त्रक्रियेची सोय. आईच्या बाजूने पाहिलं तर हे बरोबरच होतं. मला खटकतं ते एवढंच, की या भांडणात ‘दाई की दवाखाना’ असा प्रश्न मांडला गेला. ‘दवाखाना येईपर्यंत कोण’ हा प्रश्न कुणी नीट विचारला नाही.

महाराष्ट्रात तो थोडा विचारला गेला. २००१ मध्ये राज्यातल्या १३ संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि बालमृत्यूंचे सरकारी आकडे खऱ्या आकड्यांपेक्षा किती कमी आहेत हे दाखवलं. विधानसभेपासून वर्तमानपत्रांपर्यंत गदारोळ झाला. मग सात संस्थांनी ‘अंकुर’ प्रकल्पात गडचिरोलीची पद्धत राज्यात सात ठिकाणी, खेड्यांत आणि शहरी वस्त्यांतही, करून पाहिली. नवजातांची मरणं निम्म्याने उतरली. २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्याबरोबर आशा. आरोग्यदूताची सरकारी बहीणच म्हणा, फक्त इंजेक्शनशिवाय आणि कामांच्या कितीतरी लांब यादीसह. २०११ पासून घरी जाऊन नवजाताची काळजी घेणं हे देशभर आशांचं काम झालं: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात, बेचाळीस दिवसांपर्यंत. सगळ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये. एका बाळाला सहा-सात वेळा पाहण्याचे हे पैसे ठरवणाऱ्याने एकदा चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या डोंगरातल्या पाड्यांवर चालत जाऊन यावं.

दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातली शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणं दवाखान्यात झालेली. राज्याचा मातामृत्यूचा आकडा २०१८-२० मध्ये लाखाला ३३ वर आला होता. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ आहेत, दिवस भरत आले की बाईने तिथे येऊन राहायचं, बरोबर सोबतीला कुणीतरी. १०८ क्रमांकाची गाडी येते. दायांचं काम आता मुख्यतः बाळ-बाळंतिणीच्या मालिशी-अंघोळीचं. दवाखान्याच्या खोलीत दाई सोबत म्हणून आलीच तर तिला बहुतेकदा दाराबाहेर थांबवतात. आत जी नर्स आहे तिच्या वयाच्या दुप्पट बाळंतपणं तिने केलेली असतात. नर्सला तिची मदत नको असेल हे मान्य, पण त्या घाबरलेल्या पोरीला ओळखीचा एक हात पाठीवर हवा असतो.

उरलेली पाच-सहा बाळंतपणं मात्र सगळ्या जिल्ह्यांत सारखी वाटली गेलेली नाहीत. ती एटापल्ली-भामरागडकडे, सिरोंच्याच्या आडबाजूला, जंगलातल्या पाड्यांत गोळा होतात, आणि पावसाळ्यात जास्त. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा पूल पाण्याखाली जातो. मग हेमलकशाच्या दवाखान्याकडेही पोचता येत नाही. कळा देणाऱ्या बाईला खाटेवर घालून चौघे जण गुडघाभर चिखलातून नेतात आणि अर्ध्या वाटेत खाट खाली ठेवावी लागते. सागाच्या झाडाखाली, कुणीतरी धरलेल्या छत्रीच्या आडोशाला. तेव्हा बरोबर आलेली म्हातारी पदर खोचून पुढे होते. आशाताई बरोबर असेल तर ती पिशवी उघडते, कोरडं कापड छातीशी धरून ठेवते, भिजू नये म्हणून, आणि म्हातारीला म्हणते, तू आईकडे बघ, बाळ माझ्याकडे दे.